श्यामकांतकाकांच्या लॅपटॉपवर चालेल ते

रोशनी भावाच्या लग्नाच्या साड्या घ्यायला गेली, त्या मंगळवारी शौनकने एकट्याने समुद्राच्या भरतीचे मेसेज पाठवले आणि ते चुकले.

नाहूरला एका दातांच्या दवाखान्याच्या वर गंधालीची छोटी कंपनी होती. रोशनी आणि शौनक तिचे दोन प्रोग्रामर. त्यांचा पायथनमधला प्रोग्राम रोज सकाळी भरती-ओहोटीच्या वेळा आणि वाऱ्याचा अंदाज गोळा करून चारशे होड्यांना पाठवायचा. पाठवण्याआधी वेळा माणसाने डोळ्यांखालून घालायच्या, हा गंधालीचा नियम. म्हणून सगळ्या कमांड हातानेच द्याव्या लागत.

चूक पहिल्यांदा पकडली रोशनीच्या वडिलांनी. त्यांची स्वतःची होडी होती.

"काय गो रोशनी," ते फोनवर म्हणाले, "काल भरती सव्वाअकराला, आज पण सव्वाअकराला? समुद्राला सुट्टी दिलीस काय?"

"आबा, कोणी फसलं नाही ना?"

"मेसेज बघून समुद्रात जाणारे आम्ही नाय. पण जेट्टीवर सगळे हसतात ना!"

रोशनी साडीच्या दुकानातच ओशाळली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती शौनकवर तुटून पडली.

"जुनी फाइल पुसली नाहीस?"

"पुसायची असते? मला कधी सांगितलंस?"

तिने कधीच सांगितलं नव्हतं. गंधालीने दोघांना वेगवेगळे कागद दिले आणि रोज काय काय करता ते लिहायला सांगितलं. शौनकने पाच गोष्टी लिहिल्या, रोशनीने सात. जुनी फाइल पुसणं आणि तारीख आजचीच आहे ना हे बघणं, या दोन फक्त रोशनीच्या डोक्यात होत्या. आपल्यावाचून इथलं पान हलत नाही, याचा तिला मनातून थोडा अभिमानही होता. तो कागद बघताना मात्र तिला कसंसंच झालं.

"पुढच्या आठवड्यात तू पाच दिवस नाहीस," गंधाली म्हणाली. "ही सातही कामं एका कमांडमध्ये, ठरलेल्या क्रमाने झाली पाहिजेत. कामं ओळीने चालवणारं एखादं टूल निवडा."

"मेक," रोशनी लगेच म्हणाली. "जुनं आहे, सगळ्यांना माहीत आहे."

"त्यात टॅबच्या जागी स्पेस पडली की वाट लागते, यार. नॉक्स घे. सगळं पायथनमध्ये लिहायचं, प्रत्येक कामाला वेगळं कोरं वातावरण मिळतं. टेस्टिंगला झकास!"

"मला पायथनच्या पाच आवृत्त्यांवर टेस्ट करायचीय का रे? मला मेसेज पाठवायचाय."

तासभर वाद चालला. शेवटी गंधाली म्हणाली, "तू नसताना वेळा तपासून मेसेज माझे सासरे पाठवणार आहेत. त्यांच्या लॅपटॉपवर चालेल ते टूल आपलं."

हे सासरे, श्यामकांतकाका, मुलुंडला राहत. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकाशी वेळा ताडून बघायचं काम ते आनंदाने करत. शनिवारी दुपारी दोघं त्यांच्याकडे गेले. शुभाकाकूंनी आधी थालीपीठ खायला लावलं.

काकांचा लॅपटॉप विंडोजचा निघाला. रोशनीने मेकची कमांड दिली, तर असलं काही इथे नाही, असं उत्तर आलं.

"मी बसवून देते, काका."

"आणि उद्या मी नवा लॅपटॉप घेतला की?" काकांनी विचारलं. "पुन्हा नाहूरहून येणार तू?"

मग शौनकचं नॉक्स. ते चाललं, पण प्रत्येक कामासाठी पायथनचं कोरं वातावरण नव्याने तयार करत बसलं. काकांनी चष्मा पुसला, दुसरं थालीपीठ संपवलं.

"रोज एवढा वेळ? आणि मधे एखादं काम राहिलं तर मला कळणार कसं?"

शौनकने नॉक्स बंद केलं. मग त्यानेच डोकं खाजवत म्हटलं, "रोशनी, इन्व्होक बघूया का? कामं पायथनमध्येच लिहायची, प्रोजेक्टच्या बाकीच्या पॅकेजांबरोबरच बसतं, वेगळं बसवायला नको. कोणत्या कामाआधी कोणतं, हेही सांगता येतं."

रोशनीने अर्ध्या तासात सातही कामं लिहिली. प्रत्येकाखाली एकेक ओळ मराठीत, रोमन अक्षरांत. काकांनी यादी मागितली, तर पडद्यावर ओळीने सात नावं आली. त्यांनी सगळ्यात शेवटचं, पाठवायचं काम दिलं. आधी जुनी फाइल पुसली गेली, नवी आली, तारीख तपासली गेली आणि वेळा दाखवून प्रोग्राम थांबला : पाठवू का?

काकांनी कोष्टक उघडून बोट फिरवलं. "बरोबर आहे. पण आज नको, ही तालीम." त्यांनी 'नाही' दाबलं. "हे मला जमेल गं. चुकायला जागाच ठेवली नाहीस."

"जागा त्याने दाखवली," रोशनी शौनककडे बघत म्हणाली. शौनकने लाजून तिसरं थालीपीठ घेतलं.

हळदीच्या दिवशी कोळीवाड्यात बँड लागला होता. रोशनीने सकाळपासून चारदा फोन बघितला. कोणाचाच कॉल नव्हता. आधी तिला जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. मग तिने आबांना विचारलं, तर ते म्हणाले, "आला मेसेज. वेळ बरोबर हाय. तू नाच!"

ती नाचली. दुपारी जेवायला बसताना शौनकचा निरोप आला : तुझी सात कामं बघून काकांनी स्वतः आठवं काम लिहिलंय, कोष्टक टाइप करून त्याच्याशी वेळा आपोआप ताडून बघायचं. कोड तपासशील का?

कोडमध्ये एक कंस जास्त होता. रोशनीने तेवढं लिहून कळवलं. काकांनी पाच मिनिटांत दुरुस्त करून पाठवलं आणि पिवळ्याधमक बोटाने तिने मंजुरी दिली.