राणीचा बंगला

“आणि डावीकडच्या या गुलाबी बंगल्यात,” गाईडकाकांनी माईक तोंडाजवळ नेत आवाज खाली आणला, “राणीसाहेब आठ दिवसांसाठी हवा बदलायला आल्या आणि समुद्राच्या प्रेमात पडून तीन महिने राहिल्या.”

“कुठली राणी?” मागच्या सीटवरून आवाज आला.

काकांनी चमकून तिकडे पाहिलं. आवाज घरचा होता. शहरदर्शनाच्या बसवर त्यांची तीस वर्षं झाली होती. आज निवृत्तीपूर्वीची शेवटची फेरी म्हणून बायको हट्टानं पहिल्यांदाच बसमध्ये चढली होती.

“इतिहासात त्यांचं नाव सापडत नाही,” काकांनी वेळ मारून नेली.

“सापडेल कसं? तिथं माझी आजी चादरी धुवायची. बंगला मिठाच्या व्यापाऱ्याचा. राणी आली असती, तर आजीनं आम्हाला जन्मभर ऐकवलं असतं.”

बसभर हशा पिकला. काकांनी डोळे वटारले. घरी ते कधी लागू पडले नव्हते, इथं काय पडणार?

“मग हे शहर वसलं कसं, मावशी?” एका प्रवाशानं विचारलं.

“दम्यामुळे. नुसती मासे वाळवायची जागा होती ही. नाक धरून चालायचं. एका डॉक्टरनं दमेकऱ्यांना सांगितलं, खारी हवा घ्या. आले बिचारे. हॉटेल कुठलं? आजीनं पुढची खोली दिली आणि घरचे आठजण स्वयंपाकघरात झोपले. पाहुणे खोकायचे, घरचे शिव्या घालायचे आणि सकाळी हसून चहा द्यायचे. अजून तेच चाललंय. इमारती तेवढ्या उंच झाल्या.”

ड्रायव्हर आरशात बघून खिदळत होता. काकांना राग आला, मग लाज वाटली. पेंगणाऱ्या प्रवाशांना जागं ठेवायला ती राणी त्यांनीच नोकरीच्या पहिल्या आठवड्यात जन्माला घातली होती. आज मात्र कुणीच पेंगत नव्हतं.

ते सीटांना धरत मागे गेले.

“मारलंस माझ्या राणीला,” ते पुटपुटले.

“चांगली होती हो. पण आजीची जागा अडवून बसली होती.”

काकांनी माईक तिच्या हातात दिला. “बटण दाबून बोल. आणि पुढे दीपगृह येईल, तिथं तरी मला सांभाळून घे.”

“बघते,” ती म्हणाली आणि पुढे गेली.

काका तिच्या सीटवर बसले. तीस वर्षं प्रवाशांकडे तोंड करून उभं राहिल्यामुळे त्यांनी हा रस्ता नेहमी मागे सरकतानाच पाहिला होता. बस वळली आणि अख्खा समुद्र समोरून अंगावर आला. चष्मा पुसून ते बघत राहिले.