पिंजऱ्याखालचा तळ

"काका, तलावाच्या तळाशी काय आहे, ते कोण सांगेल?" तृप्तीने विचारलं, आणि डोंग्यातल्या बापलेकांनी एकदम दुसरीकडे पाहिलं.

साकोलीच्या कॉलेजातली ही पोरगी सकाळपासून कागद भरत होती. बकऱ्याला चारा किती, कोंबडीला दाणा किती, लाखोळीच्या डाळीला पाणी किती, आणि पिंजऱ्यात पाळलेल्या माशाला काय. माणसाचं पोट भरताना माती-पाणी कोण कमी नासवतं, याचा तिला निवाडा करायचा होता.

"डाळ सगळ्यांत बरी," ती म्हणाली. "पण मासाही वाईट नाही, बकऱ्यापेक्षा कितीतरी बरा. फक्त तळ नासला असेल तर मला तसं लिहावं लागेल. मग हे पिंजरे काढायला लावतील."

दोन पुरुष खोल पाण्यात तळापर्यंत बुडी मारणारा गावात आता एकटा बुधराम उरला होता. पण त्याची बायको जमुनाबाई गेल्यापासून तीन वर्षं त्याने बुडी मारली नव्हती. उन्हाळ्यात तलाव आटला की ती बाया जमवून गाळात पाणगवत लावायची, धानाची रोवणी करतात तसं, ओळीने. माशांनी त्यात अंडी घालावीत म्हणून. पुढे नेमके तिथेच पिंजरे आले. पाण्यावर वाकलं की तिचा खोकला ऐकू येतो, हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. लोकांनी वेड्यातच काढलं असतं.

त्याचा मुलगा खेमराज या पिंजऱ्यांवर पगारी होता. त्यासाठीच तो हैदराबादची मजुरी सोडून परतला होता. आई गेली तेव्हा तो तिकडेच होता. पोचला तोवर राख निवली होती.

"बाबा, सगळं चांगलं हाय म्हणून सांगा ना," तो हळूच म्हणाला. "मले पुन्हा तिकडे धाडता काय?"

"गप रे," म्हणत बुधरामने बनियन काढलं आणि उडी घेतली.

पिंजऱ्याखाली हात टेकवला तो कोपरापर्यंत आत गेला. माशांची घाण, कुजलेला दाणा, सगळं बुळबुळीत. तिच्या ओळी शोधत हात फिरला. एक काडी लागेना. कानात खोकला घुमत होता. छाती फुटायला आली तरी तो कडेकडेने सरकला, पिंजऱ्यांच्या पार बाहेर. तिथे लागलं. एकच जुडगं, जिवंत.

त्याने ते मुळासकट उपटलं.

"हे पाहा बाई," वर येऊन तो धापा टाकत म्हणाला. "गवत हाय खाली. तळ चांगला हाय."

"पिंजऱ्याच्या खालीच ना?"

"मंग कुठं?"

तृप्ती खुलली. तिने फोटो काढला, भराभरा लिहिलं. "किती छान! कोणी लावलंय हे?"

खेमराजने बापाकडे पाहिलं. बुधराम डोळ्यांतलं पाणी निपटत राहिला.

"कोनी नाई," तो म्हणाला. "आपोआप येते."

दुपारी ती बसने गेली. खेमराज हसत घरी पळाला, आता कुठेच जायचं नाही हे बायकोला, रंजूला सांगायला. बुधराम मात्र काठाजवळ कमरेभर पाण्यात उतरला. गाळात अंगठ्याने खड्डा करून त्याने ते जुडगं खोचलं. हात काढताच ते वर आलं. पुन्हा खोचलं, वरून पायाने दाबलं. भरल्या पाण्यात ते मूळ धरत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

"राह्य ना वं, जमुने," तो म्हणाला.

पाय काढल्यावर ते पुन्हा वर आलं आणि त्याच्या पोटाशी तरंगत राहिलं.