जनरेटर कोणी काढायला लावला?

विरोधी पक्षनेत्यांना सगळे तोफसाहेब म्हणत. अकरा वर्षं तोफ धडधडत होती, पण सरकारच्या अंगावरची माशीसुद्धा उठली नव्हती. अपवाद एकच. "सभागृहाला एवढा अवाढव्य जनरेटर कशाला? जनतेच्या पैशाचा धूर!" असं साहेब गेल्या वर्षी गरजले आणि सरकारने चक्क ऐकलं. जनरेटर गेला. त्या बातमीचं कात्रण साहेबांनी चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलं.

एवढा मोठा माणूस, पण त्यांच्या आईने आजवर त्यांना एकदाही मत दिलं नव्हतं. आई निवृत्त मुख्याध्यापिका. "वर्गात आरडाओरडा करणाऱ्याला मी कधी मॉनिटर केलं नाही," एवढंच तिचं म्हणणं. आता बोला! हे शल्य साहेबांच्या मनात फार खोल होतं. म्हणून आज ऊर्जा धोरणावरच्या भाषणाला त्यांनी तिला हट्टाने बोलावलं होतं. "एकदा ऐक, मग ठरव." आई कबूल झाली. ती चाकांच्या खुर्चीतून वरच्या गॅलरीत येणार होती.

भाषण रंगात आलं. "घरोघरी चार-चार तास वीज नाही, आणि मंत्र्यांच्या रिकाम्या दालनात एसी चालू! याला जबाबदार कोण? एकाने तरी उभं राहून 'मी' म्हणावं!" साहेबांनी बाकावर मूठ आपटली आणि वीज गेली.

बिनखिडक्यांचं सभागृह. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. विरोधी बाकांवर हशा पिकला. साहेब तर मनातून नाचायलाच लागले. असा पुरावा मागून मिळत नाही हो!

तेवढ्यात शिपाई धापा टाकत आला. "साहेब, तुमच्या आई लिफ्टमध्ये अडकल्यात. ऊर्जामंत्र्यांबरोबर."

मोबाईलच्या उजेडात साहेब जिन्याकडे धावले, मागून अख्खं सभागृह. जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकली होती. खालून खुर्चीची चाकं दिसत होती आणि मंत्र्यांचे चकचकीत बूट.

"आई, बरी आहेस ना गं?"

"मला काय धाड भरलीय? हे मंत्री घामाघूम झालेत. यांना विचारलं, एवढ्या इमारतीला जनरेटर कसा नाही, तर म्हणतात होता, कोणीतरी काढायला लावला. कोणी?"

"सांगा ना साहेब, कोणी?" वरून मंत्र्यांचा मधाळ आवाज आला. मेला, गुदमरतानाही मजा घेत होता!

समितीने, सर्वानुमते, व्यापक जनहित लक्षात घेता... सगळी वाक्यं साहेबांच्या ओठांवर आली. समोरच्या बाकांवरून अकरा वर्षं हीच तर ऐकली होती. मागे जिनाभर माणसं कान टवकारून उभी.

"ज्याने केलं त्याने हात वर करावा," आई म्हणाली. तिच्या वर्गाचा हा नियमच होता.

साहेबांचा हात आपोआप वर गेला. अंधारात तिला दिसणार नाही हे कळल्यावर त्यांना तोंडही उघडावं लागलं. "मी, आई. जनरेटर काढून पर्यायी सोय करा, एवढं म्हणायचं राहिलं. चुकलंच माझं."

जिन्यावर कोणी हसलं नाही.

"बस खाली," आई म्हणाली. साहेब कडक इस्त्रीच्या कपड्यांत पायरीवर बसले. "आता तुम्ही. वीज का गेली?"

"त्याची चौकशी चालू..."

"हात वर!"

वर थोडी खुडबुड झाली. मग बारीक आवाज आला. "कोळशाची फाईल माझ्या टेबलावर पडून राहिली, बाई."

विरोधी बाकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या नाहीत. त्यांना वेगळंच काही विचारायचं होतं.

"आई, मग या वेळी मत?"

"आधी लिफ्ट खाली येऊ दे," आई म्हणाली. "आणि ते कात्रण भिंतीवरून काढ."