दयारामची नाचणी कोणी खाल्ली?

तळ्याजवळच्या एका वाडीत दयारामची उतारावरची नाचणी भाद्रपदात जागोजागी पिवळी पडून कोलमडू लागली. असं झालं की आपल्याकडे कारण शोधत नाहीत, माणूस शोधतात. तो सापडायला वेळही लागला नाही. लावणीला आलेल्या बायकांत मनुबाई होती. नवरा नाही, मूलबाळ नाही, वर तोंडाने फटकळ! तिनेच करणी केली, असं दयाराम पारावर बोलून बसला.

या वाडीत शेती सावडीवर चालते. आज तुम्ही माझ्या शेतात राबा, उद्या मी तुमच्या. मनुबाई पावसाळाभर सगळ्यांकडे राबली होती. तिचं हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात पिकलं तेव्हा मात्र कापणीला एकही विळा आला नाही. कुणाची कंबर धरली, कुणाकडे पाहुणे आले. म्हातारी भर पावसात एकटीच कापत राहिली.

त्याच दिवसांत कृषी सहायक कल्पिता शेतं बघायला आली. दयारामने तिला नाचणी दाखवली आणि हळूच मनुबाईचं नावही सांगितलं. कल्पिताने एक रोप धरून ओढलं. ते अलगद हातात आलं. मुळं कुरतडलेली होती.

"कुदळ आणा, दादा."

"खनून काय व्हनार, मॅडम? ही करनी हाय."

दयारामची बायको जनी मात्र कुदळ घेऊन आली. तिने खणलं तर मातीत पांढरट, जाडजूड, वाकड्या अळ्या वळवळत होत्या. डोकी तांबूस. पुढच्या रोपाखालीही त्याच.

"ही हुमणी," कल्पिता म्हणाली. "शेणखत कच्चंच टाकलंत ना?"

जनी म्हणाली, "व्हय. कुजंपत्तुर थांबाया धीर न्हाय व्हता."

"कच्च्या शेणात ती पोसते. वळवाच्या सरींनंतर तिचे भुंगेरे, म्हणजे पंख फुटलेले मोठे किडे, तिन्हीसांजेला बाभळी-बोरींवर बसतात. सगळ्या वाडीने फांद्या हलवून ते पाडायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, असं मी उन्हाळ्यात वाडीच्या बैठकीत सांगितलं होतं. कोण आलं मदतीला?"

"मनुकाकी येकटीच," जनी खाली बघत म्हणाली.

"आता अळ्या मोठ्या झाल्यात, औषधाने फारसं साधणार नाही. खणून वेचा आणि मारा. पुढच्या वर्षी खत चांगलं कुजवून त्यात हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळा. पण दादा, एक रोप उपटायला असा काय वेळ लागतो? म्हातारीचं नाव घ्यायच्या आधी का नाही उपटलंत?"

विळा घेऊन दयाराम जनीबरोबर मनुबाईच्या शेतावर गेला. भात पाण्यात आडवं झालं होतं. मनुबाई बांधावर बसली होती.

"काकी, चुकलो मी. कापनी आमी करतो."

"कापून काय करशील? दान्याला मोड आलं." मग ती म्हणाली, "भात पुढल्या साली व्हईल, दयाराम. मला बघून बाया पोरांना पदराआड घेतात. ते कसं जानार, सांग."

दयारामने पारावर सगळ्यांसमोर चूक कबूल केली. काहींनी ऐकलं, काही उठून गेले. मनुबाई आता कुणाच्या सावडीला जात नाही.

वाचकहो, पीक वाळलं तर आधी रोप उपटा, माती उकरा. हुमणी वेचून संपवता येते. माणसावर घेतलेला आळ मात्र तो घेणाऱ्यालाही पुसता येत नाही.