काकाजींसाठी राखलेली वांगी

भाजी घेण्यात माझा हात धरणारा माणूस नागपूरच्या अख्ख्या बेसा भागात नाही, असं मी परवा-परवापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. लिफ्टमध्ये सांगत असे, बँकेच्या रांगेत सांगत असे, एकदा तर एकाच्या तेराव्याच्या पंगतीतही सांगितलं. पस्तीस वर्षं सरकारी नोकरीत दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या आणि निवृत्त झालो, तेव्हा ऑफिसने शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. शालीला नागपुरात पंधरा दिवसांचं काम असतं, नारळाची चटणी झाली आणि घड्याळ पहिल्या उन्हाळ्यातच बंद पडलं. कामाची वस्तू दिली ती बायकोने. माझ्याच जुन्या खाकी पँटीची तिने जाडजूड थैली शिवली आणि म्हणाली, "घरात नुसते फिरून राहिले तुम्ही. शुक्रवारच्या बाजारात जात जा."

तेव्हापासून चार वर्षं मी एक शुक्रवार चुकवला नाही. माझी एक पद्धत होती. पहिली फेरी थैली घडी करून खिशात ठेवून मारायची, म्हणजे आपण फक्त हवा खायला आलोय असं वाटतं. दुसऱ्या फेरीत जे घ्यायचं नाही त्याचे भाव विचारायचे. तिसऱ्या फेरीत बायजाबाईच्या दुकानापुढे उकिडवं बसायचं, एक वांगं उचलायचं आणि घरात कोणी गेल्यासारखा उसासा टाकायचा. बायजाबाई दोन रुपये कमी करायचीच. वर इकडेतिकडे बघत, आवाज खाली आणून म्हणायची, "काकाजी, तुमच्यासाठीच राखून ठेवलं जी." मग ओल्या पोत्याखालून एक वेगळी टोपली निघायची. बाकीचं गिऱ्हाईक उघड्या ढिगातून भाजी घ्यायचं, माझी पोत्याखालून यायची. हा मान आमच्या साहेबांनाही कधी मिळाला नसेल.

आणि माल काय निघायचा म्हणता! पुरावा रोज ताटात असायचा. उत्तरा, म्हणजे माझी बायको, वांगी विस्तवावर भाजून चाळणीतून अशी काही घासून काढायची की बी दाताखाली येणार नाही. वरून ठेचलेला लसूण, भाजलेले शेंगदाणे, कच्चा कांदा आणि जवसाच्या तेलाची धार. दोडक्याच्या भाजीपेक्षा त्याच्या शिरांची तीळ घालून केलेली चटणी जास्त खपायची. काकडीची थालीपिठं, मुळ्याच्या पाल्याचा झुणका, फुलकोबीच्या दांड्यांचं लोणचं, पिवळ्या मेथीची वरणफळं. टमाटरचं तर ती असं सार करायची की माझा मुलगा केयूर वाटी तोंडाला लावायचा. हे सगळं खाताना मी मिशीवरून हात फिरवून म्हणत असे, "निवड चांगली असली की स्वयंपाक बिघडूच शकत नाही." उत्तरा आणखी एक थालीपीठ वाढायची.

केयूर मात्र माझ्या थैलीच्या मागे लागला होता. तो कॉम्प्युटरवर काय करतो ते मला आजवर कळलेलं नाही, पण करताना खुर्चीवरून उठत नाही एवढं खरं. "बाबा, दहा मिनटात भाजी दारात येते. तुम्ही कशाला एवढ्या उन्हात जाऊन राहिले?" दहा मिनिटांत माझी पहिली फेरीसुद्धा होत नाही, हे त्या गाढवाला कोण समजावणार?

एप्रिलात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचं ठरलं. रामदासपेठेत ऑपरेशन झालं, काळा चष्मा लागला, आणि पंधरा दिवस धुळीत जाऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं. केयूरने संधी साधली. माझी थैली उचलून त्याने माळ्यावर टाकली. "आता बस झालं, बाबा. भाजी यापुढं फोनवरूनच येईल. पंधरा दिवसांनंतरही."

पेन्शन आपोआप खात्यात पडते. विजेचं बिल केयूर अंथरुणात पडल्या पडल्या भरतो. गॅस सिलिंडरवाल्याशी सून बोलते. घरात माझ्या नावावर एकच काम उरलं होतं आणि तेही माळ्यावर चढलं. मला अगदी रडू आलं, पण डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू देऊ नका असं सांगितलं होतं, म्हणून रडलो नाही.

बाराव्या दिवशी शुक्रवार होता. पाच वाजले तरी बाहेर भट्टी पेटलेली. केयूर मीटिंगमध्ये, उत्तरा आडवी झालेली. काळा चष्मा होताच, वरून सून मुग्धाचा फुलाफुलांचा दुपट्टा डोक्यातोंडाला गुंडाळला, औषधाच्या दुकानातली पिशवी घेतली आणि सटकलो. उन्हाळ्यात आमच्या शहरात सगळेच असे दरोडेखोरासारखे तोंड बांधून फिरतात, त्यामुळे कोणी वळूनही पाहिलं नाही. मनात ठरवलं होतं, असा काही माल न्यायचा की केयूर स्वतः माळ्यावर चढून थैली काढून देईल.

बायजाबाई मला ओळखेल आणि काय गहजब करेल याची मी मजेत वाट पाहत बसलो. तिने ओळखलंच नाही. म्हटलं, थोडी गंमत करू. पोत्याखालच्या टोपलीकडे बोट दाखवून आवाज बदलून म्हणालो, "त्यातली वांगी दे."

"ते नका घेऊ जी," बायजाबाई म्हणाली. "ते जून हायेत. नुसत्या बियाच बिया. इकडचे घ्या, सकाळीच तोडले."

"मग ते काहून ठेवले?"

"ते एका काकाजीचे हायेत. जे खपत नाही ना, ते समदं त्याईच्यासाठी ठेवतो मी. जून भेंडी, पिकले काकडं, पिवळी मेथी, कशालेच नाही म्हणत नाहीत. लय बेस मानूस हाय. फक्त दोन रुपये कमी करा लागते, का खूश! मी पहिलेच चार वाढवून सांगतो."

शेजारचा कांदेवाला खो खो हसला. "एवढ्याचं करतेत काय वं ते?"

"म्हैस असन घरी," बायजाबाई म्हणाली. मग पोत्यावर पाणी शिंपडता शिंपडता हळू आवाजात म्हणाली, "मागल्या शुक्रवारी आले नाहीत, आजबी पत्ता नाही. बेमार पडले का काय माहीत. सडून राहिलं समदं, पण दुसऱ्याले द्यावंसं नाही वाटत."

मी तिच्याकडून सकाळी तोडलेली वांगी घेतली. भाव केला नाही. तिने वर मूठभर सांबार टाकला, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. ताजा, हिरवागार, पाणी टपकणारा. चार वर्षांत मला कायम वाळलेला सांबार मिळाला होता आणि नागपूरच्या उन्हात तो वाळतोच अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

घरी आलो, पिशवी ओट्यावर ठेवली आणि खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. चार वर्षं मी लोकांना लिफ्टमध्ये भाषणं दिली होती. पंगतीत दिली होती. आणि बाजारात मी कोण, तर म्हशीचा चारा नेणारा बेस मानूस. लाज अशी वाटत होती की तोंडावरचा दुपट्टा काढवेना.

रात्री जेवताना केयूरला सांगितलं, "ती थैली राहू दे माळ्यावर. मागवत जा फोनवरून."

केयूरने घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं. भांडण न होता जिंकल्यामुळे त्याची मजा गेली असावी. उत्तराने मात्र वाढता वाढता डाव खाली ठेवला.

फोनवरची भाजी ऑपरेशनपासून येतच होती, आता तिचंच राज्य सुरू झालं. भेंड्या सगळ्या एका मापाच्या, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या. टमाटर असे टणक की क्रिकेट खेळावं. मेथी निवडून, धुऊन, डब्यात बंद. उत्तरा डबा उघडायची, कढईत टाकायची आणि ओट्याला टेकून उभी राहायची. वीस मिनिटांत स्वयंपाक. चवीला नाव ठेवायला जागा नव्हती आणि आठवणीतही राहत नव्हती. पाचव्या दिवशी केयूर म्हणाला, "आई, ती शिरांची चटणी काहून नाही करून राहिली आजकाल?"

"शिरा तर पाहिजेत ना," उत्तरा म्हणाली. "कोवळ्या दोडक्याले कुठून येतील?"

सहाव्या दिवशी दुपारी मला धाडधूड आवाज आला. जाऊन पाहतो तर बासष्ट वर्षांची बाई स्टुलावर स्टूल ठेवून माळ्यावर अर्धी घुसलेली. मी ओरडलो. ती थैली हातात घेऊन खाली उतरली आणि माझ्या छातीवर आपटली.

"उद्या शुक्रवार आहे. जा."

"नाही जाणार," मी म्हणालो. आणि मग राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. टोपली, जून वांगी, वाढवून सांगितलेले चार रुपये. म्हशीचं तेवढं गिळलं. उत्तराने पदराला हात पुसले.

"झालं सांगून? मले चार वर्षांपासून माहीत आहे."

"काय?"

"पहिल्याच शुक्रवारी भेंडी आणली होती तुम्ही. सुरी चालत नव्हती तिच्यावर. मले काय आंधळी समजता काय? मोतीबिंदू तुम्हाले झाला होता."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगणारच होती. पण त्या भेंडीचं करावं काय म्हणून बसली, दाणे सोलले, ताकाच्या कढीत टाकले. तुम्ही चार वाट्या कढी पिली त्या दिवशी. आठवते?" ती स्टुलावर बसली. "तीस वर्षं सकाळी सहाले तुमचा डबा केला मी. बटाटा, कोबी, भेंडी, पुन्हा बटाटा. हात चालत होते, डोकं झोपलेलं होतं. तुमची थैली उघडली का माझं डोकं चालू होते. याचं काय करू, त्याचं काय करू, अर्धा दिवस मजेत जाते. ताज्या भाजीले मी कशाले पाहिजे? ती आपली आपणच शिजते."

मी थैलीकडे पाहत राहिलो. खाकी पँटीचा जुना खिसा तिने आतून तसाच ठेवला होता, सुट्या पैशांसाठी. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि या बाईवर इतकं प्रेम आलं की सांगता सोय नाही. म्हणून मी म्हणालो, "बायजाबाईला वाटते आपल्या घरी म्हैस आहे."

उत्तरा इतकी हसली की स्टुलावरून पडता पडता वाचली.

दुसऱ्या दिवशी मी चष्मा न लावता, तोंड न बांधता, थैली आणि एक डबा घेऊन बाजारात गेलो. बायजाबाईने लांबूनच हात केला. "काकाजी! कुठं होते जी इतके दिवस? तुमच्यासाठीच राखून..."

"माहीत आहे. जून वांगी ना? काढ," मी म्हणालो. "आणि घरी म्हैस नाही वं आमच्याकडे. बायको आहे."

तिने दोन क्षण पाहिलं. मग पदर तोंडात कोंबला. "अवं माय! ते दुपट्टेवाले तुम्हीच होते का जी?"

मी डबा पुढे केला. मागल्या उन्हाळ्यात तिच्याच जून वांग्यांच्या चकत्या उत्तराने गच्चीवर वाळवून ठेवल्या होत्या, त्यांची ती झणझणीत भाजी होती. बायजाबाईने आपल्या भाकरीचं फडकं सोडलं, कांदेवाल्यालाही बोलावलं. कांदेवाल्याने झाकणाला लागलेलंही पुसून खाल्लं. बायजाबाईने एवढंच विचारलं, "वाळवून का जी? किती दिवस?"

मी मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. इथेच चुकलो.

पुढच्या शुक्रवारी गेलो तर तिसऱ्या फेरीत बायजाबाई म्हणाली, "आज नाही जी जून वांगे."

पोतं ओलं होतं आणि त्याखाली टोपली दिसत होती. "ते काय आहे मग?"

"ते मी घरी नेतो. पोरं मागून राहिले. ताजे घ्या ना जी तुम्ही, चांगले हायेत."

मी वांगं उचललं. उसासा टाकला. ती ढिम्म. दोन रुपये, चार रुपये, उठून जाण्याचं नाटक, सगळं केलं; तिने हाक मारली नाही. शेवटी परत येऊन पुन्हा उकिडवा बसलो. चार वर्षांत पहिल्यांदा खरी घासाघीस झाली आणि तीत मी सपशेल हरलो. ताज्याहून जास्त भाव मोजून अर्धी टोपली मिळाली. सांबारही मागितल्यावर दिला, तोही वाळलेला.

घरी उत्तराने एकेक वांगं काढून अंगठ्याने दाबून पाहिलं. पोरीसारखी खूश झाली होती. "मस्त आहेत. दगड आहेत नुसते. केवढ्याले दिले?"

"नेहमीच्याच भावात," मी म्हणालो. "वर दोन रुपये कमी करून घेतले."

"हो का," ती म्हणाली आणि वांगी धुवायला वळली.

ऑपरेशनपासून मला सगळं स्वच्छ दिसतं. नळ सुरू होता, ती पाठमोरी उभी होती, आणि हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.