कोऱ्हाळ्याच्या खड्ड्यातला धूर

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. पण माझ्यासमोर उभे राहून हसू नका, तुमचे फोटो मला जमत नाहीत. मला दिसतो तो मिथेन, म्हणजे तुम्हाला न दिसणारा, पेट घेणारा वायू. माझ्या पडद्यावर तो काळ्या धुरासारखा उमटतो.

मला घडवलं ते दुर्बिणीसाठी. इंदापूरची पायल तेव्हा खगोलशास्त्रज्ञ होती. शनीच्या एका चंद्राभोवतीचा मिथेन आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं न्याहाळला. तिथं झाड नाही, पाखरू नाही, फक्त तो काळा थर. पायलचं कौतुक झालं; मी मात्र नवा कॅमेरा येताच कपाटात गेलो.

पुढे पायलनं ताऱ्यांची नोकरी सोडली. शेणापासून गॅस आणि वीज करायचं काम तिनं बारामतीत धरलं आणि मलाही सोबत आणलं. "आभाळातनं थेट शेणात!" लोक चिडवायचे. तिला हसू यायचं, मला राग.

एका भर दुपारी आम्ही कोऱ्हाळे बुद्रुकला हिंदुराव आबांकडे गेलो. त्यांचा गोबरगॅस बंद पडला होता. वरची टाकी काढून ठेवली होती. खड्ड्यात उतरून गाळ उपसायचा होता. गोठ्यात म्हशी रवंथ करत होत्या आणि त्यांच्या तोंडातून तोच काळा धूर येत होता. मग मी खड्ड्याकडे पाहिलं आणि गारठलोच. धूर काठावरून वर येऊन आबांना विळखा घालत होता. आबा हसत बोलत होते आणि श्वासागणिक तो त्यांच्या तोंडात शिरत होता.

मला खड्ड्याकडे रोखून तिवईवर ठेवलं होतं आणि पायल पाठमोरी, पिशवी उघडत होती. आबांनी दोरीला कंदील बांधला.

"कंदील कशाला, आबा?" तिनं न वळताच विचारलं.

"इहिरीत उतरताना आमी आधी कंदीलच सोडतो. दिवा जळला, तर हवा चांगली हाय."

त्यांनी काडी काढली. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो असतो, पण मला तोंड नाही. पायल वळली. तिची नजर पडद्यावर गेली. झेप घेऊन तिनं काडेपेटी हिसकावली.

"आबा, हवा वाईट असली तर इहिरीत दिवा विझतो. हितं भडका उडून आपण विझलो असतो!"

आबांनी पडद्यात पाहिलं. पायलच्या गळ्याभोवतीही तो धूर होता. त्यांनी दोरीचा कंदील सोडवून बाजूला ठेवला.

"पोरी, ह्याच काठावर मी रोज बिडी वढतो."

मित्रांनो, माझी काच पुसत जा, मला पुन्हा कपाटात कोंडू नका. तुमच्या पाठीशी काय उभं आहे ते मला दिसतं. हाक मात्र मारता येत नाही.