कुंकू लागलेलं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं शिकवणीचं कार्ड आहे. तळहाताएवढा जाड कागद, एक कोपरा दुमडलेला आणि मधोमध लालभडक डाग, असा माझा अवतार. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी वडापाव खाताना ह्याच्यावर चटणी सांडली. चटणी नाही हो, कुंकू आहे. चांगलं देवापुढचं, तेलात कालवलेलं. ह्या कुंकवापायी माझं आयुष्य वाया जाता जाता वाचलं, ती हकीकत आज सांगतो.

माझा जन्म पुण्याजवळच्या माण गावचा. काचेच्या उंच उंच इमारतींच्या मागच्या गल्लीत एक छापखाना आहे. तिथं पूर्वी भाताचं खाचर होतं म्हणे. मालकानं खाचर बुजवून खोल्या काढल्या, त्यातल्या एका खोलीत छापखाना आला आणि दुसऱ्या खोल्यांत संगणकवाली मुलं राहायला आली. मी छापून पडलो तेव्हा शेजारी लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. सोनेरी अक्षरं, गणपती, रेशमी गोंडा. काय तो तोरा. मी मनात म्हटलं, मिरवा बायांनो, तुमचं आयुष्य अक्षता पडेपर्यंत. माझं चांगलं वर्षभराचं.

आणि काम तरी काय साधं होतं? ज्या घरांना शिकवणी परवडत नाही, तिथल्या मुलांसाठी एका संस्थेनं आम्हाला छापून घेतलं होतं. ज्याच्या हाती कार्ड, त्यानं संस्थेनं ठरवलेल्या क्लासपैकी आपल्या मनाचा क्लास निवडायचा. त्या क्लासची नावं माझ्या पाठीवर होती. माझ्या पोटावर काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन होता. वाण्याच्या दुकानात पैसे द्यायला असतो ना, तसलाच. क्लासवाल्यांनी तो यंत्रापुढे धरला की टिक असा आवाज येणार आणि मुलाचं नाव लागणार. फी संस्था परस्पर भरणार. फक्त जूनच्या शेवटच्या शनिवारपर्यंत नाव लागलं पाहिजे, नाहीतर ती जागा दुसऱ्या मुलाला. आमच्यावर प्लास्टिकचं आवरण घालायचं ठरलं होतं. घाईघाईत ते राहून गेलं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

मी गेलो मुठा गावात, अपेक्षाच्या घरी. अपेक्षा नुकतीच नववीत गेली होती. तिचं आणि बीजगणिताचं आठवीपासून वाकडं. बरं, अडलं तर विचारावं की नाही? ते तिला जमायचंच नाही. वर्गात हजेरीला ती इतक्या हळू "हजर" म्हणायची की बाई तिच्यापुढे गैरहजर लिहून मोकळ्या व्हायच्या, आणि ही पोरगी तेही खपवून घ्यायची. एका वर्गात बसून वर्षभर गैरहजर राहणारी ती एकटीच. मला हातात घेतलं तेव्हा तिचा तळवा घामेजला होता. "ह्या वर्षी जमलं नाही तर दहावीत काही खरं नाही," असं ती माझ्याशीच पुटपुटली. तेव्हाच मी ठरवलं, हिच्यासाठी टिक वाजायलाच पाहिजे.

तिचे वडील बहिरू हे सुट्टीला येणाऱ्या पुण्याच्या लोकांच्या बंगल्यावर माळीकाम करतात आणि आई तुळजाबाई तिथंच झाडलोट आणि स्वयंपाक बघतात. मी घरात आलो तेव्हा तुळजाबाईंनी आधी हात धुतले आणि मग मला हातात घेतलं. असा मान लग्नपत्रिकांनाही नव्हता मिळाला.

त्यांच्या घरात नवी वस्तू आली की आधी देवापुढे जाते. सायकल असो, कुकर असो, कुंकू लागल्याशिवाय वापरायची नाही. मीही गेलो. तुळजाबाईंनी मला आडवं-उभं करून बघितलं आणि कुंकू कुठं लावायचं याचा विचार केला. मग त्यांना वाण्याचं दुकान आठवलं.

"त्यो रोज सकाळी त्या चौकोनाला उदबत्ती ओवाळतोय," त्या म्हणाल्या. "समदी लक्ष्मी तितनंच येती. म्हंजे ह्याचं तोंड हितंच आसंल."

आणि त्यांनी तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट बरोबर माझ्या चौकोनावर टेकवलं. वर दोन अक्षता. वाण्याचा चौकोन जाड काचेमागं असतो, माझा उघड्यावर होता, एवढाच काय तो फरक. तेल सावकाश आत मुरत गेलं. मी मात्र देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ऐटीत बसलो होतो. मला काय कल्पना, माझं तोंड बंद झालंय म्हणून.

क्लास कुठला, हे बहिरूंचं आधीच ठरलं होतं. "मालकांचा पोरगा बावधनला जातोय. आपली अपू बी तितंच जाईल." अपूला कुणी विचारलं नाही आणि अपू बोलली नाही. मालकांचं काम उरकून सुट्टी मिळेपर्यंत महिना संपत आला, आणि शेवटच्या शनिवारी तिघं बावधनला गेली. मी अपेक्षाच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात होतो.

काय सांगू त्या क्लासची शान. काचेचं दार, आत गारेगार हवा, बसायला सोफा. बहिरूंनी दाराबाहेर चपला काढल्या. मग तुळजाबाईंनी, मग अपेक्षानं. आत माणसं पुष्कळ होती, पण दाराबाहेर चपलांचे जोड तेवढे तीनच. टेबलामागची ताई म्हणाली, "काका, चपला घालून या, इथं चालतं." बहिरू परत बाहेर जाऊन चपला घालून आले, पण त्यानंतर त्यांना पाय कुठं ठेवावेत ते कळेना.

ताईनं मला यंत्रापुढे धरलं. काही नाही. उलटं धरलं, तिरकं धरलं. मी जीव तोडून प्रयत्न केला हो. टिक काही वाजेना. मग तिनं ओला कागद घेऊन मला पुसलं, आणि जे काही उरलंसुरलं होतं तेही गेलं. कुंकू सगळ्या चौकोनभर पसरलं.

"काका, हे डॅमेज झालंय. असं कार्ड आम्हाला घेता येत नाही."

"डॅमेज न्हाई ओ ताई," तुळजाबाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "पुजलंय त्याला."

मागं रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. ताई वाईट नव्हती. तिनं माझी पाठ दाखवून सांगितलं, "खाली संस्थेचा फोन आहे. त्यांच्याशी आजच बोलून घ्या." बहिरूंनी मान हलवली. पण बाहेर आल्यावर ते म्हणाले, "तितं इंग्रजीतनं बोलत्याली. मला न्हाई जमायचं." झालं. फोन खिशातच राहिला.

परतीच्या गाडीत पिरंगुट येईपर्यंत बहिरूंना राहवलं नाही. "घरात काय बी आलं की फासलं कुंकू. तुला कुणी सांगितलं हुतं?"

तुळजाबाई आपलं बोट पदरानं पुसत होत्या. आठवडा उलटला होता, त्या बोटावर आता काहीसुद्धा नव्हतं, तरी पुसत होत्या. अपेक्षा ते बघत होती. मित्रांनो, मला तर त्या क्षणी फाटून जावंसं वाटलं. माझ्यामुळे एका पोरीचं वर्ष जाणार होतं आणि ठपका येणार होता त्या बाईवर, जिनं मला सगळ्यांत जास्त मान दिला.

पिरंगुटला मुठ्याच्या गाडीला वेळ होता. समोर बांगड्यांचं दुकान, बाजूनं वर जाणारा जिना आणि जिन्यावर पाटी, 'रईस सर, गणित आणि विज्ञान'. अपेक्षानं मला बाहेर काढलं आणि माझी पाठ वाचली. हेही नाव होतं तिथं.

"बाबा, मी वर विचारून येते."

"असल्या ठिकाणी? खाली बांगड्या न् वर क्लास?"

"गाडीला वेळ आहे ना. बसून तरी काय करायचं," ती म्हणाली आणि वडिलांच्या हातातला फोन घेऊन जिना चढायला लागली. एकटी. मी तिच्या मुठीत होतो. मुठीला घाम होता, पण पाय थांबले नाहीत.

वर दारात चपलांचा नुसता ढीग. आत सतरंज्यांवर मुलं बसलेली आणि फळ्यापुढे खडूनं पांढरे झालेले एक सर. अपेक्षा एका दमात बोलली, "सर, हे माझं कार्ड. आईनं ह्याची पूजा केली म्हणून ते चालत नाही. पण मला क्लासला यायचंय आणि आज शेवटचा दिवस आहे."

अख्खा वर्ग वळून बघायला लागला. रईस सरांनी मला उजेडात धरलं.

"माझ्या अम्मीनं माझं बारावीचं हॉलतिकीट दर्ग्यात नेलं होतं," ते म्हणाले. "त्यावर फुलं ठेवली, ओली. फोटो धुऊन निघाला. परीक्षेला मी मीच आहे हे पटवता पटवता पहिला तास गेला." वर्ग हसला, अपेक्षाही हसली. "काळजी करू नकोस. माझं यंत्र ह्याला वाचायचं नाही, पण फोन लाव संस्थेला. मी नाही, तू बोल. कार्ड तुझं आहे."

तिनं फोन लावला. पलीकडे संस्थेचे विश्रामदादा होते, आणि ते चक्क मराठीत बोलले. त्यांनी माझा नंबर विचारला. अपेक्षा हळू आवाजात सांगायला लागली.

"ऐकू येत नाही ताई, जरा मोठ्यानं."

तिनं डोळे मिटले आणि असा खणखणीत नंबर सांगितला की खालची बांगडीवालीही वर बघायला लागली. मग खराब कसं झालं, हेही सांगितलं. माझ्या कागदाला घाम फुटायचा बाकी होता.

"कुंकू होय," विश्रामदादा म्हणाले. "अहो, मग त्यात खराब काय? नंबर आहे ना, मी इथून नाव लावतो. पण क्लास आत्ताच सांगा. वर्षभर बदलता येणार नाही. बावधन लिहू का?"

अपेक्षानं मागं वळून बघितलं. बहिरू जिन्यावर येऊन उभे होते. त्यांनी दारातला चपलांचा ढीग बघितला, आणि कुणी न सांगता आपल्याही चपला काढून त्यात ठेवल्या.

"बावधनला एसी हाय, अपू," ते तरीसुद्धा हळूच म्हणाले.

"बाबा, तिथला क्लास सुटतो तेव्हा मुठ्याची शेवटची गाडी निघून गेलेली असते. मग मी रात्रभर एसीतच बसू?"

अपेक्षा फोनमध्ये म्हणाली, "पिरंगुट. रईस सरांचा क्लास."

थोड्याच वेळात फोनवर निरोप आला. नाव लागलं होतं. टिक न वाजता लागलं होतं.

तुळजाबाई वर आल्याच नव्हत्या. त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून होत्या. अपेक्षा खाली आली आणि त्यांच्या शेजारी टेकली.

"झालं, आई."

"काय झालं?"

"क्लास लागला. तुझं कुंकू लागू पडलं."

तुळजाबाईंनी लेकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग एवढा मोठा श्वास सोडला की बांगड्यांच्या दुकानापुढच्या टोपलीवरचा कागद हलला. "लई जीव टांगणीला लागला हुता गं," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या, "आता बोला." बहिरूंनी तिघांसाठी भजी आणली. म्हणजे माफी मागितली, असं आपण धरू.

त्यानंतर माझं काम संपलं. वर्षभर मी अपेक्षाच्या कंपासपेटीत, कर्कटकाची टोकं खात पडून राहिलो. कधी तिनं माझ्यावर पेन चालतंय का ते बघितलं, कधी रुही नावाच्या मैत्रिणीनं मला खोडरबरासारखं फेकून मारलं. वाईट वाटायचं? थोडं वाटायचं. पण त्या पेटीतून मला रोज एक आवाज ऐकू यायचा, "हजर, सर." सरांनी एकदा सांगितलं, "अपेक्षा, तुझी हजेरी पार पलीकडच्या पौड गावात लागते, जरा हळू." आणि बीजगणित? त्याच्याशी तिची अगदी गट्टी झाली नाही, पण आता ती त्याला घाबरत नाही. अडलं की हात वर. दहा वेळा अडलं तर दहा वेळा हात वर.

ह्या जूनमध्ये दहावीचं नवं कार्ड आलं. त्याला प्लास्टिकचं आवरण आहे. विश्रामदादांनीच तसं करायला लावलं म्हणे. कुणामुळे, ते मी माझ्या तोंडानं कशाला सांगू.

म्हणून मित्रांनो, तुमच्यापाशी एक मागणं आहे. तुम्हाला शिकायला काही मिळालं, कार्ड म्हणा, पुस्तक म्हणा, जुनी सायकल म्हणा, तर त्याला खुशाल नमस्कार करा, पण लगेच कामाला लावा. अडलं तर मोठ्यानं विचारा. आणि घरातल्या कुणाच्या मायेनं एखादा डाग पडलाच, तर आधी डागाकडे बघू नका, बोटाकडे बघा.

नवं कार्ड आलं त्या संध्याकाळी मीही तिथं होतो, उघड्या कंपासपेटीत. तुळजाबाईंनी कुंकवाचा करंडा काढला. बहिरू हसून म्हणाले, "लाव की आता. प्लास्टिक हाय त्याला."

तुळजाबाईंनी बोट बुडवलं. क्षणभर कार्डाकडे बघितलं.

"कार्ड कुटं शिकाय जातंय," त्या म्हणाल्या, आणि ते बोट त्यांनी अपेक्षाच्या कपाळाला टेकवलं.